कृपया पहिली संख्या द्या

सक्करदरा, नागपूर
७ सप्टेंबर २०२५

चि. मेघा,
सप्रेम जय भीम.

मेलवर जागा आणि तारीख कशाला लिहिता, ती आपोआप येतेच, असं तू मागे विचारलं होतंस. जे आपोआप येतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून लिहितो. मामाची खुशाली अंगठ्याच्या चित्राने विचारणाऱ्या पिढीला याहून जास्त समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या कंपनीचं पत्र आमच्या कॉलेजला मिळालं. शेवटच्या वर्षाच्या मुलांची पंधरवड्यात कॉम्प्युटरवर परीक्षा, आणि जे उतरतील त्यांना पुण्यात नोकरी. प्राचार्यांनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं आणि खाली स्वतःची सही ठोकली, जणू कंपनी त्यांच्याच घरची. हे तुझ्या शब्दामुळे घडलं हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त स्टाफरूममध्ये सांगितलं. आणि कँटीनमध्ये.

तयारी जोरात आहे. तू ज्या मशीनवर शिकलीस त्याच अजून लॅबमध्ये आहेत. नव्या विंडोजवर आपला जुना टर्बो कंपायलर चालत नाही, म्हणून आधी कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उघडायचा आणि त्याच्या पोटात टर्बो चालवायचा. तो निळा पडदा उजळला की मला अजूनही बरं वाटतं. कंपायलर म्हणजे आपलं लिहिणं यंत्राच्या भाषेत सांगणारा दुभाषा, आणि हा दुभाषा तुझ्याहून वयाने मोठा आहे. पुण्यात त्याला नावं ठेवतात असं ऐकतो. मोठ्यांविषयी पुण्यात काय बोलत नाहीत.

यंदाच्या बॅचमध्ये काजल नावाची मुलगी आहे, काटोलची. वडील रुपराव, त्यांची संत्र्याची बाग. रोज एसटीने येऊन-जाऊन शिकते. तिचा प्रोग्राम वाचला की चांगला अन्वय केलेलं गद्य वाचल्यासारखं वाटतं. आपला नियम तुला आठवत असेलच. प्रोग्रामने आधी नमस्कार करायचा, मग 'कृपया पहिली संख्या द्या' असं विचारायचं, शेवटी आभार मानायचे. विचारल्याशिवाय कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही. हा नियम मनापासून आजवर दोघींनीच पाळला, एक काजल. दुसरी कोण ते लिहीत नाही, डोक्यात हवा जाईल.

ही मुलगी घरातली पहिली नोकरदार होईल. तिच्यासाठी ही परीक्षा काय आहे ते तुला सांगायला नको, तूही त्याच बाकावर बसलेली आहेस.

बाकी मी ठीक. संस्कृतची जागा निघेपर्यंत तात्पुरता म्हणून कॉम्प्युटर शिकवायला बसलो होतो. ती जागा अजून निघायची आहे. मामी म्हणते, मेघाला विचारा, पुण्यात काही ओळख आहे का.

तुझा,
प्रेमानंद मामा


पुणे
१० सप्टेंबर २०२५

प्रिय मामाजी,
जय भीम. घ्या, मीही जागा-तारीख लिहिली.

पत्र वाचून इतकं हसले की बाजूचीने विचारलं, काय झालं. नागपूरहून पत्र आलंय म्हटलं. तिला वाटलं कुणी गेलं. आता पत्र फक्त त्यासाठीच येतं असा इथे समज आहे.

परीक्षेचं श्रेय मला देऊ नका. आमच्याकडे दरवर्षी त्याच त्या कॉलेजांतली मुलं येतात, मी फक्त म्हटलं की एकदा विदर्भातही बघा. वरच्यांनी 'बघू' म्हटलं. आता त्यांचं लक्ष आहे, म्हणजे माझंही थोडं नाव त्यात आहे.

एक विनंती आहे, रागावू नका. परीक्षेआधी पोरांना दोन-चार दिवस नव्या कंपायलरवर बसवा. खाली लिंक दिली आहे. काही बसवायला नको, ब्राउझरमध्येच उघडतो. टर्बोबद्दल मी वाकडं बोलत नाहीये. त्याच्यावरच शिकले. सवय व्हावी एवढंच.

काजलला सांगा, ताईने शुभेच्छा दिल्या आहेत. आणि मामीला सांगा, संस्कृतच्या जागेसाठी पुण्यात खूप ओळख लागते.

तुमची,
मेघा


सक्करदरा, नागपूर
२१ सप्टेंबर २०२५

चि. मेघा,
जय भीम.

तुला निकाल माझ्याआधी कळला असेल, तरी रीतीप्रमाणे कळवतो. एकतीस मुलं बसली. एकतीस जणांना शून्य.

एखाद्याला शून्य पडलं तर मुलगा कच्चा, हे मी समजतो. सगळ्या वर्गाला पडलं तर परीक्षा कच्ची असं म्हणायला मला न्यायशास्त्राची गरज नाही. काजलने पाचही प्रोग्राम दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्यासमोर पुन्हा केले. पाचही चालले, पाचही उत्तरं बरोबर. मग ती म्हणाली, "सर, मंग काहून शून्य?" मी म्हणालो, मशीनचा काहीतरी घोळ. ती मान हलवून गेली. मास्तर खोटं बोलत नाही पण त्याला ठाऊकही नाही, हे ओळखण्याइतकी ती हुशार आहे.

तुझी लिंक मी उघडली होती. पांढरा पडदा आला आणि त्याच्यावर विम्याची जाहिरात. जाहिरात बंद केली तर सोबत कंपायलरही बंद झाला. त्यापुढे गेलो नाही. आणि सवयीचं म्हणशील तर, ज्या ओळी नव्याला चालत नाहीत त्या पोरांनी परीक्षेत स्वतःच काढल्या होत्या. स्क्रीन पुसण्याची ओळ, बटण दाबेपर्यंत थांबण्याची ओळ, सगळं. म्हणजे यंत्राने प्रोग्राम घेतला, चालवला आणि तरी शून्य दिलं.

तेव्हा मी सरळ विचारतो. कॉलेजचं नाव बघून कुणी बाजूला काढलं का? नाव-गाव विचारून मग दार उघडणारे तू आणि मी, दोघांनीही पाहिले आहेत. मी कंपनीला तक्रार लिहायला घेतली आहे. मसुदा चांगला जमतो आहे. दुसऱ्या परिच्छेदात थोडा वीररस आला आहे, तो तसाच ठेवावा म्हणतो.

वर्गाला मी सांगितलं आहे की चूक त्यांची नाही. तू काही वेगळं सांगणार असशील तर आत्ताच सांग.

प्रेमानंद


पुणे
२४ सप्टेंबर २०२५

मामाजी,
जय भीम. तक्रार पाठवू नका.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मधेच विनोद करता आणि मग मला बोलता येत नाही. म्हणून लिहिते, पूर्ण वाचा.

मी काजलचा प्रोग्राम काढून पाहिला. कुणी नाव बघितलं नाही, कॉलेज बघितलं नाही. बघणारं कुणी नव्हतंच. परीक्षेत एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला आकडे देतो आणि आलेलं उत्तर अक्षराला अक्षर लावून बघतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं पंचवीस. काजलचं उत्तर पंचवीसच होतं. पण तिच्या पंचवीसच्या आधी 'नमस्कार' होतं, 'कृपया पहिली संख्या द्या' होतं, 'कृपया दुसरी संख्या द्या' होतं आणि नंतर 'आपली आभारी आहे'. तपासणाऱ्याचं पहिलंच अक्षर जुळलं नाही. चूक म्हणून तो पुढे गेला.

एकतीसही जणांनी नमस्कार केलाय, मामाजी. असं कॉलेज आमच्या टीमने कधी पाहिलं नव्हतं. मीटिंगमध्ये ते पडद्यावर दाखवलं आणि सगळे हसले. मीही हसले. न हसले असते तर कळलं असतं मी कुठून शिकून आले. त्या दिवशी डबा उघडला नाही.

मला आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं. 'सवय व्हावी एवढंच' असं लिहून मोकळी झाले, कारण तुम्हाला कमीपणा वाटेल असं वाटलं. तुम्हाला सांभाळलं आणि पोरं पडली.

टर्बो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो एकट्याने बसून शिकायचा काळ होता. मशीनसमोर एक माणूस, तोच आकडे देणार, तोच उत्तर वाचणार. आता प्रोग्राम प्रोग्रामशी बोलतात. पोरं ज्या जगात जाणार तिथे हा निळा पडदा कुठेच नाही. त्यांना जिथे जायचंच नाही तिथलाच रस्ता आपण शिकवतोय.

मी वर विचारलं आहे. पुन्हा एकदा परीक्षा घ्यायला ते तयार होतील असं वाटतं, कारण हसून झाल्यावर एकाने म्हटलं, बाकी लॉजिक सगळ्यांचं बरोबर आहे. पण दुसऱ्यांदा नमस्कार आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. काजलसाठी तरी, मामाजी.

मेघा


सक्करदरा, नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. मेघा,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. दोन तारखेच्या धम्मचक्र दिनासाठी घरात पाहुणे होते. वर्धा, चंद्रपूर, बालाघाट, सगळीकडचे. दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या प्रत्येकाचे पाय दुखत होते आणि प्रत्येकाला चहा हवा होता. गर्दीत माणूस विचार टाळू शकतो, ती सोय मी वापरली.

तू हसलीस ते ठीक केलंस. नोकरीत कधी हसावं लागतं. मीही प्राचार्यांच्या विनोदांना हसतो.

तक्रार पाठवली नाही. मसुदा मात्र ठेवून दिला आहे, तो वाया घालवण्यासारखा नव्हता.

आता माझी बाजू. तो नियम मी कुठून आणला हे तुला कधी सांगितलं नाही. सुरुवातीला मी घरीच संध्याकाळची बॅच घ्यायचो. मीराबाई नावाच्या अंगणवाडीच्या बाई यायच्या, चाळिशीच्या. एके दिवशी मी त्यांना बेरजेचा प्रोग्राम चालू करून दिला आणि दुसऱ्याकडे वळलो. पडदा काळा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते आहे. तो आकड्याची वाट बघत होता. बाईंना वाटलं, आपल्या हातून काही मोडलं. तासभर त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, कुणाला विचारलं नाही. पुन्हा आल्या नाहीत. त्यांना फक्त एवढंच कळायला हवं होतं की बाई, आता तुमची पाळी आहे. तेव्हापासून माझ्या हाताखालचा प्रत्येक प्रोग्राम आधी बोलतो, मग घेतो. ज्याच्यापुढे कुणी बसलेलंच नाही असा प्रोग्राम कसा लिहायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि खरं सांगू, तो लिहावासा वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त व्यवहाराची आहे. नोव्हेंबरात विद्यापीठाचं प्रॅक्टिकल आहे आणि ते निळ्या पडद्यावरच होतं. अभ्यासक्रमात टर्बो आहे. बाहेरचा परीक्षक स्क्रीन पुसण्याची ओळ दिसली नाही तरी गुण कापतो. मी पोरांना आज नवं शिकवलं आणि ती तिथे अडकली तर? नोकरी पुण्याची, ती मिळेल किंवा न मिळेल. पदवी मात्र इथली आहे, ती गेली तर सगळंच गेलं.

काजल काही दिवस घरीच थांबली आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल निघतो आहे म्हणे. तेव्हा तिची काळजी करू नकोस, आणि परीक्षेचं वर फार लावून धरू नकोस.

मामीने तुला चिवडा पाठवला आहे. तो पुणेकरांना दाखवू नकोस, तिखट म्हणतील.

प्रेमानंद मामा


काटोल
१९ ऑक्टोबर २०२५

मेघाताई, नमस्कार.

मी काजल. सरांच्या बोलण्यात तुम्ही इतक्या वेळा येता की आपली ओळख हाये असंच वाटते. तुमचा पत्ता सरांच्या लॅपटॉपवरून घेतला. सरांनी म्हणलं, मेघाला यातलं काही कळवू नको. म्हणून लिहून राहिली.

शून्य भेटल्यावर मी कॉलेजात जाणं बंद केलं. सरांनी तुम्हाले काय सांगितलं मले माहीत नाही. आठ मशीनच्या लॅबमध्ये मी पयली, आन् बाहेर शून्य. मंग त्या पयल्या नंबराचं काय करू? बाबाले म्हणलं, आता संत्र्यातच लक्ष घालते. दुसऱ्या दिवशी बाबा मले मार्केटात सोबत घेऊन गेले आन् क्रेट पाहाले उभं केलं.

मागच्या मंगळवारी लिलाव चालू होता आन् पाहते तर सर. एसटीनं आले, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. बाबा म्हणाले, "या जी सर, बसा. खुर्ची काही नाही, क्रेटवर बसा लागते." सर एका क्रेटवर बसले, दुसऱ्यावर लॅपटॉप ठेवला. मले वाटलं आता समजावतील, वापस चल म्हणतील. मी तर उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसं काहीच म्हणाले नाही. म्हणाले, "काजल, हा नवा कंपायलर मी आठवड्यापासून बसवतो आहे. हा माझ्याशी बोलत नाही. तू बघ."

बाबा हासले. म्हणाले, "पोरीले शिकवाले आले का पोरीपाशी शिकाले आले, सर?"

सर म्हणाले, "सध्या दुसरं, रुपरावजी. पहिलं मागाहून बघू."

सरांनी तो तीन वेळा बसवला होता, तीन वेगवेगळ्या जागी. तिघंही एकमेकाच्या आड येऊन राहिले होते. मी दोन काढून टाकले, मंग चालला. सरांनी त्यात आपला गुणपत्रिकेचा प्रोग्राम टाकला, तुम्हालेही शिकवला असन. टर्बोवर तो सदा चालते. नव्यानं खाली बाण काढून दाखवला, की दहा खणांच्या रांगेत तुम्ही अकराव्या खणात लिहून राहिले. सर लय वेळ पाहत राहिले. मले वाटलं आता रागावतात. मंग म्हणाले, "टर्बो सभ्य होता. त्याला ठाऊक होतं, बोलला नाही." बाजूचा अडत्या पाहाले आला, काय झालं जी म्हणून. सर त्याले म्हणाले, "काही नाही, दहाच्या क्रेटमध्ये अकरावं संत्रं कोंबत होतो, इतकी वर्षं."

तेव्हापासून ते एक दिवसाआड येऊन राहिले. बाबा आता त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणते. बाकी पोरंही दोन-तीन आले होते. नव्यात सारं जमते सरांले, फक्त नमस्काराची ओळ काढाले हात उठत नाही. म्हणतात, "ती तू काढ. मी तोवर चहा सांगतो."

ताई, एक विचाराचं होतं. परीक्षा खरंच परत होणार हाये का? का मले बरं वाटावं म्हणून सर बोलून राहिले? खरं सांगा. खोटी आशा असन तर मी इथंच बरी हाये, कामाची काही कमी नाही. आन् प्रॅक्टिकलची भीती वाटते. आता हाताले नवीन सवय लागली, अन् तिथं तर निळाच राहते.

तुमची,
काजल


पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामाजी,
जय भीम.

वर होकार मिळाला. रविवारी परीक्षा पुन्हा आहे, ज्याला बसायचं त्याने बसावं. ही शेवटची. काजलला मी वेगळं कळवलं आहे, की ही आशा खोटी नाही.

तुमच्याकडे नवा कंपायलर नाही आणि तुम्ही तो बसवणारही नाही, हे मी गृहीत धरते. तरी चुकून कुणी तीन वेळा, तीन ठिकाणी बसवला असेल तर दोन काढून टाकावेत. काटोलची संत्री यंदा कशी आहेत हेही सवडीने कळवा. एक दिवसाआड खाणाऱ्याला नक्की सांगता येईल.

मीराबाईंची गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती. नियम दिलात, कारण दिलं नाहीत. मी इथे येऊन तो नियम लाजून सोडला, आणि कारण ठाऊक असतं तर लाजले नसते. मामाजी, आम्ही इथे जे बनवतो त्याच्यापुढेही शेवटी कुणीतरी बसलेलं असतं. दवाखान्यातली नर्स, बँकेतला म्हातारा. तिथे नमस्कार लागतोच, आणि तो लिहायला आमच्याकडे कुणाला येत नाही. फक्त परीक्षेत समोर कुणी नसतं. कुठे माणूस बसलाय आणि कुठे नाही, एवढं ओळखायला पोरांना शिकवा. ते तुम्हीच शिकवू शकाल. नवा कंपायलर बाण काढून पुष्कळ काही दाखवतो, पण हे दाखवत नाही.

प्रॅक्टिकलची तुमची भीती मला पटली. आधी वाटलं होतं तुम्ही हट्ट करताय. एक मात्र करा, अभ्यासक्रम स्वतः उघडून वाचा. मला शंका आहे.

मामीला सांगा, चिवडा पुणेकरांनीच संपवला. पाणी पीत पीत.

मेघा


सक्करदरा, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. मेघा,
सप्रेम जय भीम.

काजल आणि आणखी आठ जण उतरले हे तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी विनोद केला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. उरलेल्या बावीस जणांचं वाईट वाटतं. त्यांच्याबरोबर मी सोमवारपासून पुन्हा बसतो आहे. पण नोकरीची तू सांगितलेली अट, की या सत्रात कुठल्याही विषयात नापास व्हायचं नाही, ती ऐकल्यापासून माझं लक्ष प्रॅक्टिकलकडे होतं. ते काल झालं. कसं झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

बाहेरचे परीक्षक म्हणून रविंद्रसर आले होते. माझ्याच वयाचे, टर्बोवर वाढलेले, माझ्याहून कडक. पोरांना मी बजावलं होतं की तिथे जुन्या रीतीने लिहा. सगळ्यांनी लिहिलं. काजलचा हात नव्या सवयीने चालला. तिने निळ्या पडद्यावर नव्या पद्धतीची रचना लिहिली, टर्बोला ती कळली नाही, खाली चुकांची रांग लागली. ती दुरुस्त करायला गेली तर आणखी वाढली. तोवर वेळ संपली.

रविंद्रसर म्हणाले, "चालत नाही. शून्य लिहा."

मी म्हणालो, "प्रोग्राम बरोबर आहे."

"बरोबर आहे तर चालून काहून नाही राहिला?"

मी माझा लॅपटॉप काढला, तोच प्रोग्राम जसाच्या तसा नव्या कंपायलरमध्ये उतरवला. चालला. उत्तर बरोबर. रविंद्रसरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, सर."

अभ्यासक्रमाची प्रत माझ्या पिशवीत होती. त्यात 'सी भाषा' एवढंच लिहिलं आहे. निळा रंग त्यात आपण भरला, हे मी त्यांना सांगितलं. ती प्रत मी स्वतः तुझं पत्र आल्यावर प्रथमच वाचली होती, हे सांगितलं नाही.

मग मी बोलत गेलो. आपण एकट्याने बसून शिकलो तो काळ वेगळा होता. आता प्रोग्राम प्रोग्रामशी बोलतात. पोरं ज्या जगात जाणार तिथे हा पडदा नाही. बोलता बोलता लक्षात आलं की ही सगळी तुझी वाक्यं आहेत. श्रेय दिलं नाही, म्हटलं नंतर कळवू. आणि रविंद्रसर जी उत्तरं देत होते ती तंतोतंत माझी होती. इतकी चांगली होती की एक-दोनदा मलाच पटायला लागलं.

शेवटी ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. सही करा."

गुणपत्रकावर दोघांच्या सह्या लागतात. मी पेनला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. आयुष्यात मी कुणाची सही अडवलेली नाही. अडवलेली सही कशी असते ते मी समोरच्या बाजूने पुष्कळ पाहिलं आहे. काजल लॅबच्या दाराशी उभी होती. रडत नव्हती. रुपरावांसारखी उभी होती, लिलावात भाव ऐकताना उभे राहतात तशी.

चहा आला, थंड झाला. मग रविंद्रसरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. काजलच्या प्रोग्राममधली एक ओळ मुद्दाम बिघडवली. नव्याने बाण काढून दाखवली. त्यांनी दुसरी बिघडवली. तीही दाखवली. मग एक बारीकशी, मलाही दिसली नसती अशी. तीही. ते चुका करत राहिले, आणि मला वाटतं त्यांना मजा येत होती. मध्ये एकदा म्हणाले, "अरे, हे तर आपल्याले कधी सांगितलंच नाही त्यानं." कुणाबद्दल म्हणाले ते मला कळलं.

त्यांनी वीसपैकी सोळा लिहिले. चार कशाचे कापले म्हणून विचारलं तर म्हणाले, "टर्बोच्या मानाचे." मी सही केली. काजलला आत बोलावून आकडा दाखवला. ती म्हणाली, "थँक्यू सर," आणि दोघांपैकी कुणाला म्हणाली हे तिने मोघम ठेवलं. बाहेर जाऊन तिने वडिलांना फोन लावला. एवढंच ऐकू आलं, "बाबा, पुण्याले जा लागते."

जूनमध्ये ती तुझ्याकडे येईल. राहायला चांगली जागा बघ. पहिला महिना तिच्यावर कुणी हसलं तर तू हसू नकोस. आता तुला त्याची गरज नाही.

निघताना रविंद्रसरांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं. मी काजलकडे बोट दाखवलं, काजलने माझ्याकडे. शेवटी मी त्यांना तुझा पत्ता दिला. त्यांचं पत्र येईल. पहिल्या ओळीत अभ्यासक्रम असेल, पुढे थोडा राग असेल, त्यांच्या लॅबची अडचण असेल. तू शांतपणे उत्तर दे, आणि मला लिहिलंस तसं आधी आडून आणि मग स्पष्ट असं नको, पहिल्यापासूनच स्पष्ट लिही. त्यानंतर त्यांच्याकडून बरेच दिवस काही आलं नाही, तर माणूस रुसला असं समजू नकोस. कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन, कुणाला न सांगता, तो शिकत बसला असेल.

तुझा,
प्रेमानंद मामा